किलोमीटरचे पैसे किचनमध्ये जाऊ देऊ नकोस

ताई म्हणून हाक मारलीस म्हणून तुला अरे-तुरे करते, चालेल ना. मी मुलुंडला राहते, २३ वर्षं अकाउंट्समध्ये काढली आणि त्यातली १६ वर्षं फक्त फील्ड स्टाफची टीए, म्हणजे प्रवासभत्त्याची, बिलं तपासण्यात गेली, म्हणजे तुझ्यासारख्या सर्व्हिस इंजिनियर मुलांचेच कागद रोज हाताखालून जायचे. त्यामुळे हा विषय मला अगदी जवळचा आहे आणि उत्तर जरा लांबेल.

आधी तुझं म्हणणं परत मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. घर भांडुप वेस्टला, लॅबच्या मशीनची सर्व्हिसिंग, हातात ६२,००० पगार, बायकोचीही नोकरी. स्वतःची पेट्रोल हॅचबॅक, ऑन रोड साडेसात लाखाची, लोन चालू. महिन्याचं रनिंग १,४०० किलोमीटर, त्यातलं १,१०० कामाचं, कंपनी किलोमीटरला ९ रुपये देते. पेट्रोलला महिन्याला १०,४०० जातात. आठवड्यातून तीन-चारदा जेवण बाहेरून मागवता. कार्डावर ४०,००० साठलेत आणि मिनिमम ड्यू भरतोयस. आणि तुझा मुख्य प्रश्न असा की गाडीचं मायलेज १९ आहे, म्हणजे पेट्रोल साडेपाच रुपयांत पडतं, किलोमीटरमागे साडेतीन रुपये सुटतात, मग २० तारखेलाच खातं रिकामं का होतं.

अरे, ते १९ मायलेज शोरूममधलं आहे. तूच दिलेला आकडा घे. १०,४०० रुपयांचं पेट्रोल म्हणजे १०३ रुपये ५० पैसे भावाने १०० लिटरच्या जरा वर, आणि गाडी चालली १,४००. म्हणजे १४ चं ॲव्हरेज. एलबीएस रोडवर मेट्रोचं काम, गांधीनगर जंक्शनचा सिग्नल, त्यात एसी, १४ मिळतंय हेच ठीक आहे. म्हणजे नुसतं पेट्रोलच किलोमीटरला ७ रुपये ४० पैसे पडतं. खात्री करायची असेल तर टाकी फुल कर, ट्रिप मीटर शून्यावर आण, पुढच्या वेळी परत त्याच पंपावर टाकी फुल कर आणि किलोमीटरला लिटरने भाग. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावर जाऊ नकोस.

आता पेट्रोल सोडून बाकीचं. वर्षाला तुझे साधारण १७,००० किलोमीटर होतात. सर्व्हिसिंग १२,००० धर, म्हणजे ७० पैसे. चार टायर २०,००० चे, चालणार ४०,००० किलोमीटर, ५० पैसे. ब्रेक पॅड, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन, हे दरवर्षी येत नाही पण येतं तेव्हा दणकून येतं, सरासरी वर्षाला १४,००० धरले तर ८० पैसे. इथपर्यंत झाले ९ रुपये ४० पैसे. म्हणजे गाडी तू तशीही घेतलीच असतीस असं म्हणून इन्शुरन्स, लोनचं व्याज, घसारा सगळं सोडून दिलं तरी कंपनीचे ९ रुपये पुरत नाहीत. ते तिन्ही धरायचे तर इन्शुरन्स १५,००० म्हणजे ९० पैसे, व्याज वर्षाला २५,००० च्या आसपास म्हणजे दीड रुपया, आणि साडेसात लाखाची गाडी आठ वर्षांनी तीन लाखाला गेली तर घसारा ३ रुपये ३० पैसे. सगळं मिळून १५ रुपये १० पैसे. कामाच्या १,१०० किलोमीटरवर महिन्याला साडेसहा हजाराच्या वर तू स्वतःच्या खिशातून कंपनीला देतोयस.

आणि हे तुला जाणवत का नाही? कंपनीचे ९,९०० पगाराच्याच खात्यात येतात, कामाचं पेट्रोल ८,१४० चं, उरलेले साडेसतराशे किराण्यात, कुठल्यातरी बर्थडेला असे विरघळून जातात. ते तुला कमाई वाटतात, पण ते टायरचे आणि क्लचचे पैसे आहेत, फक्त बिल अजून आलेलं नाही. मी किती मुलं पाहिली या चक्रात अडकलेली! गणपतीच्या महिन्यात क्लच प्लेटचं बिल आलं की कार्ड घासायचं, मग दिवाळीला इन्शुरन्स, परत कार्ड. तुझे ४०,००० असेच साठले असणार, स्टेटमेंट काढून बघ.

म्हणून गाडीसाठी वेगळं सेव्हिंग खातं काढ. टीएचे पैसे आले की त्याच दिवशी ते सगळे तिकडे, फास्टॅग तिकडून, कामाचं पेट्रोल तिकडून, सर्व्हिसिंग तिकडून. पेट्रोल जाऊन वर्षाला २१,००० उरतील, आणि सर्व्हिसिंग, टायरचा वर्षाचा वाटा, रिपेअर आणि इन्शुरन्स मिळून लागतात ४९,५००. फरक भरायला पगारातून महिन्याला २,४०० टाकावे लागतील. हे वाचून तू म्हणशील मी पैसे वाचवायला विचारलं आणि ताई खर्च वाढवतेय, पण हा खर्च तू आजही करतोसच, फक्त कार्डाच्या व्याजासकट करतोस.

तेव्हा कार्डाचं आधी निपटव, बाकी सगळं नंतर. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ४०,००० वर १,४०० रुपये नुसतं व्याज. तू दिवसभर उन्हात गाडी हळू चालवून, एसी बंद ठेवून महिन्याला १,४०० वाचवून दाखव! एफडी असेल तर मोड, नसेल तर पर्सनल लोन घेऊन कार्ड एका फटक्यात क्लिअर कर, त्याचं व्याज कार्डाच्या निम्म्याहून कमी असतं, आणि लोन फिटेपर्यंत ते कार्ड कपाटात ठेव.

आता चालवण्याकडे येते. सगळ्यात मोठी बचत सीएनजीत आहे यात वाद नाही. किलोला ८० रुपयांच्या आसपास भाव, सिटीत २२ चं ॲव्हरेज धरलं तरी ३ रुपये ६५ पैसे, म्हणजे तुझ्या रनिंगला महिन्याला सव्वापाच हजार वाचतात. बाहेरून किट बसवायला ६०,००० लागले तरी वर्षभरात वसूल. पण तीन गोष्टी नीट बघ. एक, किट आरसीवर चढवून घ्यायचं आणि इन्शुरन्स कंपनीला कळवायचं, प्रीमियम थोडा वाढतो पण न कळवता बसवलंस तर क्लेमच्या वेळी हात वर करतात. दोन, सिलेंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट असते, ती चुकली तर पंपावर गॅस भरून देत नाहीत. तीन, तुझी टूलबॅग आणि मशीनचे पार्ट जातात कुठे? डिकी सिलेंडरने भरली की पार्ट मागच्या सीटवर येणार, बोर्डाचं खोकं सिग्नलला पुढे सरकून पडणार. शिवाय गाडी वॉरंटीत असेल तर आधी विचारून घे. लाइनचा वेळही धरायला हवा, संध्याकाळी सातला पंपावर गेलास तर तासभर गेलाच समज, रात्री अकरानंतर किंवा पहाटे जा. माझा सल्ला, ही गाडी अजून चार-पाच वर्षं ठेवणार असशील तर बसव, दोन वर्षांत विकायची असेल तर सोड.

लोकल-मेट्रोचं सगळेच सांगतात, पण तुझ्या बाबतीत हिशोब जरा वेगळा आहे, म्हणून नीट सांगते. गाडी नेली नाहीस तर कंपनीचे ९ रुपयेही येत नाहीत. महिन्यातून आठ दिवस, दिवसाला ६० किलोमीटर गाडी घरी ठेवलीस तर ४८० किलोमीटर वाचले, ९ रुपये ४० पैशांच्या हिशोबाने फक्त १९० रुपयांचा फरक पडतो. खरे पैसे वाचतात पार्किंगचे. परळ, फोर्टला दिवसाला १५० पार्किंग जात असेल आणि कंपनी ते देत नसेल तर आठ दिवसांचे १,२००. म्हणजे तिकीट न धरता महिन्याला चौदाशेच्या आसपास, वर गाडीचं रीडिंग कमी राहतं आणि विकताना तेवढी किंमत जास्त येते. म्हणून कॉल एरियाप्रमाणे लाव. जड पार्ट न्यायचा नसेल आणि सगळे कॉल परळ-दादर-फोर्ट असतील तर भांडुपहून ट्रेन. अंधेरीला घाटकोपरहून मेट्रो वन, त्याच मेट्रोने मरोळ नाक्याला उतरून मेट्रो थ्री, ती ऑक्टोबर २०२५ पासून थेट कफ परेडपर्यंत जाते, सीप्झ, बीकेसी, वरळी सगळं त्यावर आहे. ट्रेनचा पास काढशील तर तीन महिन्यांचा काढ, तो महिन्याच्या पासाच्या २.७ पट असतो, तीन पट नाही.

आणि जे ३०० किलोमीटर तू स्वतःचे चालवतोस ना, तिथे खरी गंमत आहे, कारण त्याचे ९ रुपये कोणीच देत नाही. ३०० गुणिले ९ रुपये ४० पैसे, म्हणजे २,८२० रुपये महिन्याला. यातलं किती रविवारी मॉलला जाऊन किराणा आणण्यात जातं ते बघ. ठाण्याचा कॉल संपवून येतानाच किराणा घे, पार्किंग शोधायला नको आणि वेगळी फेरीही नको. परळला ट्रेनने गेलास तर येताना दादरला उतरून भाजी घे, पिशवी मात्र घरून न्यायची.

टोलचं एक. १४ ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही एंट्री नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झाला, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी, दहिसर. आधी ४५ रुपये जायचे. त्यामुळे पनवेलला जाताना ऐरोलीवरून किंवा वाशीवरून गेलास तर टोल शून्य. परळहून पनवेलला जायचं असलं की सगळे अटल सेतू पकडतात, कारला एका बाजूचे २५० लागतात. कंपनी टोल वेगळा देत असेल तर खुशाल जा, वेळ वाचतो. देत नसेल तर ते २५० तुझ्या खिशातले आहेत. नाशिक किंवा पालघर-वापीकडचे कॉल असतील तर फास्टॅगच्या वार्षिक पासचा हिशोब करून बघ, १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांत २०० ट्रिप किंवा एक वर्ष असा होता. तो फक्त नॅशनल हायवे आणि नॅशनल एक्स्प्रेसवेच्या नाक्यांवर चालतो, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर आणि अटल सेतूवर चालत नाही, हे न बघता घेऊन पस्तावलेले लोक मी पाहिलेत. फास्टॅगचं वर्षाचं स्टेटमेंट काढ, हायवेचे नाके मोज, मग ठरव.

पंपावरच्या गोष्टी. सकाळी भरलं की पेट्रोल जास्त मिळतं, १०० ऐवजी ११० चं टाकलं की चोरी होत नाही, हे सगळं सोडून दे. टाक्या जमिनीखाली असतात, दिवसभरात तापमानाचा फारसा फरक पडत नाही. शंका आली तर सरळ पाच लिटरचं माप माग, प्रत्येक पंपावर वैधमापनचा शिक्का असलेलं माप ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाईकाला मागायचा हक्क आहे, पाच लिटरला २५ मिलीपर्यंत फरक चालतो, त्यापेक्षा कमी आलं तर तक्रार कर. हवा पंपावर फुकट मिळते, ती दर पंधरा दिवसांनी टायर गार असताना भर, किती भरायची ते ड्रायव्हरच्या दारापाशी स्टिकरवर लिहिलेलं असतं. आणि ट्रॅफिकमध्ये पाय क्लचवर ठेवून बसू नकोस. मी स्वतः आठ वर्षं मुलुंड ते विक्रोळी गाडी चालवली, पहिली क्लच प्लेट ३५,००० किलोमीटरला गेली, मेकॅनिकने जुनी प्लेट हातात दिली, कडेने काळीनिळी पडलेली आणि अगदी गुळगुळीत, बोट फिरवलं तर काचेसारखी. त्याने विचारलं, मॅडम पाय कुठे ठेवता? तेव्हापासून सिग्नलला न्यूट्रल आणि पुढच्या गाडीत थोडं अंतर सोडून पहिल्या गिअरमध्ये सरकत राहायचं. दुसरी प्लेट ७०,००० च्या वर चालली.

इन्शुरन्सचं महत्त्वाचं. नो क्लेम बोनस २० टक्क्यांपासून पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि तो गाडीचा नसतो, तुझा असतो, गाडी बदललीस तरी नव्या गाडीला लागतो. म्हणून बंपरचा दोन-तीन हजारांचा ओरखडा क्लेममध्ये टाकू नकोस, ३५ टक्के बोनस शून्यावर येतो आणि परत खालून सुरुवात. रिन्यूअलची तारीख मात्र चुकवायची नाही. माझी आई ॲडमिट होती त्या वर्षी मी विसरले, ९० दिवस उलटून गेले आणि ५० टक्के बोनस गेला. आता तारखेच्या एक महिना आधी मोबाइलवर रिमाइंडर असतो.

टॅक्सबद्दल तुला कोणीतरी सांगितलंय की पेट्रोलची बिलं ठेव, रिटर्नमध्ये दाखवू. पगारदाराला असं काही मिळत नाही. टीए हा कामाच्या प्रवासाचा परतावा आहे, नोंद नीट असेल तर ते उत्पन्न धरलं जात नाही, नव्या रिजीममध्येसुद्धा. घर ते ऑफिस मात्र कामाचा प्रवास धरत नाहीत. आणि तुझा वर्षाचा हातातला पगार साडेसात लाखाच्या आत, नव्या रिजीममध्ये २०२५-२६ पासून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन धरून पावणेतेरा लाखापर्यंत टॅक्सच नाही. त्यामुळे टॅक्स वाचवायला म्हणून कोणी काही विकायला आलं तर दार लावून घे.

आता घरचं. तू विचारलंस किराण्यात कुठे कापू, पण तुझी गळती किराण्यात नाहीये. आठवड्याला तीनदा ४०० चं मागवलंत तरी महिन्याला ४,८०० होतात, आणि हा खर्चही गाडीनेच लावलेला आहे, नऊ वाजता दमून घरी येता, कोणाच्यात उभं राहायची ताकद नसते. हे मी भोगलंय. आमच्याकडे एक नियम केला, जो आधी घरी येईल त्याने कुकर लावायचा, भाजीचा विचारच करायचा नाही. मुगाची डाळ आणि तांदूळ एका बरणीत मापाने आधीच मिसळून ठेवलेले असतात, दोन वाट्या काढायच्या, धुवायच्या, हळद-हिंग-मीठ, तीन शिट्ट्या. सोबत पापड, लोणचं, ताक. पोळ्या हव्या असतील तर स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रातून नुसत्या पोळ्या घ्यायच्या, भाजी घरची. आठवड्याचे तीनवरून एकदा आलात तरी तीन हजाराच्या वर वाचतात आणि पोटही बरं राहतं.

दुपारच्या डब्याचं तुझं म्हणणं खरं आहे, मे महिन्यात बंद गाडीत आमटी-भाजी दोन वाजेपर्यंत आंबते. पण दशम्या, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी याला काही होत नाही. डबा डिकीत ठेवू नकोस, टूलबॅगेबरोबर लॅबमध्ये घेऊन जा.

बाकीचं पटकन. गहू-डाळ वर्षाची भरायची आपल्या आयांची पद्धत छान होती, पण पावसाळ्यात वन बीएचकेमध्ये पोरकिडे होतात, दोन-तीन महिन्यांचंच घे. विजेचं बिल महावितरणचं, १००, ३००, ५०० असे टप्पे आहेत, ३०१ युनिट झाले म्हणून सगळ्या युनिटला वरचा दर लागत नाही, फक्त वरच्यांना लागतो, तेवढ्यासाठी पंखा बंद करून घामाघूम होऊ नका. आणि मेडिक्लेम बंद करायचा विचार तू लिहिला आहेस, तो अजिबात करू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा जीएसटी गेलाय, तू दिवसभर रस्त्यावर असतोस, तो चालूच ठेव.

शेवटचं कंपनीचं, कारण ९ रुपयांचा दर बदलल्याशिवाय तुझी ओढाताण पूर्ण थांबणार नाही. तू लिहिलंयस हा दर २०१९ चा आहे, तेव्हा मुंबईत पेट्रोल ८० च्या आत-बाहेर होतं. नुसतं "रेट वाढवा" असं मेल केलंस तर काही होणार नाही. मी ज्यांचे दर वाढताना पाहिले त्यांनी कागद दिले होते. एक इंजिनियर होते, त्यांच्या गाडीत डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही असायची, रबरबँडने पेन्सिल बांधलेली, प्रत्येक कॉलला तारीख, निघतानाचं रीडिंग, पोचल्यावरचं रीडिंग, कुठून कुठे, लॅबचं नाव, कॉल नंबर. त्यांचं बिल मी कधी परत पाठवलं नाही आणि एक रुपया कधी कापला नाही. बाकीच्यांचे गोल आकडे, ४०, ६०, १००, हे बघितलं की आम्ही मॅप उघडून कापायचो, खरं सांगते. पार्किंगच्या पावत्यांचा त्याच दिवशी फोटो काढ, तो थर्मल कागद दोन-तीन महिन्यांत कोरा होतो आणि कोऱ्या कागदावर पैसे मिळत नाहीत.

तर अशी तीन महिन्यांची वही भर, एका पानावर वर केलेला ९ रुपये ४० पैशांचा हिशोब मांड, त्यात इन्शुरन्स-घसारा घालू नकोस, त्यावर वाद होतो. पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, रिपेअर एवढंच, बिलांच्या फोटोसकट. मागणी दोन ठेव, दर १२ करा आणि पार्किंग-टोल पावतीवर वेगळे द्या. पहिली अर्धी मान्य झाली तरी दुसरी बहुतेक पूर्ण होते. तुझ्या सोबतच्या दोघा-तिघांच्या वह्या जोडल्यास तर उत्तमच. आणि हे जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात मॅनेजरच्या हातात दे. पुढच्या वर्षाचं ट्रॅव्हल बजेट फेब्रुवारीत बनतं, मार्चमध्ये कागद आला की आमची शीट बंद झालेली असायची आणि तो कागद मी पुढच्या वर्षीच्या फाइलला लावून ठेवायचे.